दवंडी हवीच



‘दवंडी आता कशाला?’ हे पत्र वाचले. गावची खबर मोबाइलच्या ग्रुपवर सगळ्यांना कळते, हे पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. यात्रेची वर्गणी, कुस्त्यांचा फड एवढे कळते. ग्रामसभेची सूचना वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि प्रत्येकीआधी महिलांची सभा घ्यावी लागते. घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेतच होते! आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांकडे साधे फोन. खुरपणीला गेलेल्या बायांचा फोन घरी पोरांच्या हातात. ग्रुप खुशाल चालू द्या, पण संध्याकाळी बाया रानातून परतल्यावर कोतवालाने पारापाशी आणि लांबच्या वस्त्यांवरही दवंडी द्यावी. विषयपत्रिका पंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहावी.

– एक ग्रामस्थ, जि. सातारा