सातबाऱ्यावर गृहलक्ष्मी कोठे आहे?

आधुनिक समाजात सत्ता अधिक कोणाची, पुरुषाची की स्त्रीची? वक्तृत्वस्पर्धांपासून दूरचित्रवाणीपर्यंत हा विषय चघळून चोथा झाला आहे. एक पक्ष साऱ्या पुरुषजातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. दुसरा पक्ष म्हणतो, ‘आमच्याकडे स्त्री देवता आहे, घरात तिचेच राज्य चालते.’ दोन्ही पक्षांच्या विद्वानांनी एकदा यवतमाळ जिल्ह्यात यावे आणि कोणत्याही गावातील पन्नास सातबारे वाचावेत. वादाचा निकाल त्या कागदावर लिहिलेला आहे.

व्यासपीठावरील स्त्री या जिल्ह्याला नवीन नाही. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले, ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी-विधवेच्या हस्ते. संमेलनाच्या अध्यक्षा होत्या डॉ. अरुणा ढेरे. २००९ ते २०२४ अशी सलग पंधरा वर्षे यवतमाळ-वाशीमचे लोकसभेत प्रतिनिधित्व एका महिलेनेच केले. स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. मग स्त्रीला आणखी काय हवे, असे कोणी विचारील.

उत्तर शेताच्या बांधावर आहे. सरकी टोबते ती, निंदण करते ती, भर उन्हात कापूस वेचते तीही तीच. मात्र शेतकरी म्हणजे तो, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचे, नाहीतर त्याच्या वडिलांचे! २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील जमीनधारकांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. सातबारा नाही, म्हणून तिला पीककर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून बँकेत पत नाही. जिला पत नाही, तिचा सल्ला घरात तरी कोण घेणार? सरपंचपदाच्या खुर्चीवर ती आणि कारभार पाहणारा ‘सरपंचपती’, हे चित्रही याच मुळातून उगवते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सत्ता पुरुषाच्या हाती आहे, तर विष घेऊन मरतो कोण? या जिल्ह्यात गेल्या दोन-अडीच दशकांत हजारो शेतकऱ्यांनी जीवन संपविले. त्यांत बहुसंख्य पुरुष आहेत. ज्याला सत्ताधीश म्हणावे, तोच सावकाराच्या तगाद्याने खचतो. ही कसली सत्ता?

हा आक्षेप टाळून चालणार नाही. पाऊस, भाव आणि बँक यांपुढे तो पुरुष दुबळाच होता. परंतु ज्या कागदाने त्याला घरात अधिकार दिला, त्याच कागदाने कर्जाचा सारा बोजा त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकला. सहधर्मचारिणीला त्याने ना निर्णयात घेतले, ना चिंतेत. किती कर्ज, कोणाचे, कशासाठी, हे अनेकींना कळते ते तेरवी झाल्यावर, दारात येणाऱ्या माणसांकडून. शासनाच्या एक लाखाच्या मदतीतून २००५ च्या निर्णयाप्रमाणे हाती पडत ते तीस हजार. उरलेले सत्तर हजार ठेवीत. जमीन सासऱ्याच्या नावे असेल, तर सून आपल्याच शेतात मजूर ठरते. एकट्याचा अधिकार दोघांनाही मारतो. त्याला आधी आणि तिला नंतर, रोज थोडे थोडे.

आता काही मंडळी म्हणतील, मालमत्तेत वाटा मागणे हे पाश्चात्त्य खूळ आहे, त्याने घरे फुटतील. त्यांनी आपलेच ग्रंथ उघडावेत. विभक्त आणि पुत्रहीन पुरुषाच्या वारसांत याज्ञवल्क्यस्मृतीने पत्नीला पहिले स्थान दिले आणि विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने ते उचलून धरले. एकत्र कुटुंबातील विधवेच्या वाट्याला मात्र केवळ पोटगी आली, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ती उणीव स्वतंत्र भारताच्या कायद्याने १९५६ साली बव्हंशी भरून काढली. अहिल्यादेवींच्या कारभाराचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने सुनेच्या नावाला भ्यावे, ही परंपरा नव्हे. हा निव्वळ लोभ आहे.

शहरातील सुशिक्षित वाचकांनीही निश्चिंत राहू नये. वडील गेल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यात आपली पांढरपेशी घरे खेड्यांहून मागे नाहीत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. आपण तो चोळी-बांगडीच्या मोलाने परत घेतो. ‘माहेर तुटेल’ ही भीती तिला दाखवतो आणि ‘ताईने स्वखुशीने सोडले’ असे चारचौघांत सांगतो.

शासनाकडे बोट दाखविण्याचीही सोय नाही. पतीने स्वेच्छेने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावावे, म्हणून ‘लक्ष्मीमुक्ती’चे परिपत्रक १९९२ साली निघाले. त्याआधी १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरून शेतकरी स्त्रीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. २०२४ पासून ‘लाडक्या बहिणी’च्या खात्यात दरमहा पंधराशे रुपये पडू लागले, त्याच वर्षी १ मेनंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे शासनाने सक्तीचे केले. मुलाच्या नावात आई आली. शेताच्या नावात ती अजून यायची आहे. अनुदान सरकार देऊ शकते. बायकोचे नाव लावण्याचा अर्ज मात्र नवऱ्यालाच करावा लागतो.

म्हणून वादविवाद पुरे झाले. स्त्री-पुरुषांचे युद्ध आपल्याला नको आहे आणि देव्हाऱ्यात बसविलेली मुकी देवताही नको. कुटुंब ही समाजाची पायाभूत संस्था आहे, असे आपण शाखेत, बैठकीत, घरात सांगतो. त्या पायाखालची जमीन दोघांची असली पाहिजे. गावात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने येत्या लक्ष्मीपूजनापूर्वी स्वतःचा सातबारा, नाहीतर घराचा उतारा, काढून पाहावा. त्यावर गृहलक्ष्मीचे नाव नसेल, तर आधी तलाठी कार्यालयात जावे आणि मग पूजेला बसावे.