एक सहल माळरानाची

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. किल्ला, देवस्थान, धरण ही यादी ठरलेली असते. निसर्ग पाहायचाच झाला तर महाबळेश्वरचे जंगल किंवा पुण्याची एम्प्रेस गार्डन. तेथे जरूर जावे. परंतु श्रीपूरच्या, किंबहुना सोलापूर जिल्ह्यातील प्रत्येक शाळेची एक तरी सहल माळरानावर जावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

"माळावर पाहायचे काय? तिथे काहीच नाही," असे उत्तर मिळते. कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस रोज पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना माळ ओसाड वाटतो. सरकारी दप्तरातही तो बहुधा ‘पडीक’ ठरतो. हा समज तपासून पाहू या.

पावसाळा सरल्यावर माळावर चालताना कपड्यांत कुसळे रुततात. कुसळी गवताचे एक वाळलेले कुसळ तळहातावर घ्या. त्याचा लांब केस सुंभासारखा पिळलेला दिसेल. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थोड्याच वेळात पीळ सुटू लागेल आणि केस गोल फिरेल. वाळला की पीळ पुन्हा पडेल. केसातील तंतू तिरकस रचलेले असतात; ओलाव्याने ते सर्व दिशांना सारखे फुगत नाहीत, म्हणून हे घडते. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांमुळे असे फिरत फिरत बी जमिनीत शिरते. टोकाजवळचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. हवेतील ओलाव्यावर चालणारे हे गिरमिटच! पदार्थविज्ञानाचा असा पाठ प्रयोगशाळेच्या कपाटात सापडत नाही.

सोलापूर-बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली घोषित झालेल्या अभयारण्याचा हा भाग. येथे काळवीट, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल असे उघड्या गवताळ जमिनीचे रहिवासी आहेत. माळढोक मात्र आता क्वचितच दिसतो. निसर्गात देशभर मिळून तो दोनशेहूनही कमी उरला आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे उडताना त्याला समोरचे कमी दिसते. विजेची तार जवळ आल्यावर दिसली, तरी एवढ्या जड शरीराला चटकन वळता येत नाही. राजस्थानात कित्येक माळढोक अशा तारांना धडकून मेले आहेत. जडत्वाचा नियम तुम्ही पाठ केला आहे; त्याची किंमत एका पक्ष्याला कशी मोजावी लागते, हेही समजून घ्या.

काही शिक्षक म्हणतील, "सहल नेऊ आणि माळावर शंभर रोपे लावून येऊ." हेतू चांगला आहे; पण कृपया असे करू नका. उथळ जमीन आणि थोडा पाऊस यांना गवतच साजते. दाट झाडी उठली की दूरवर पाहून शत्रू ओळखणाऱ्या पक्ष्यांचे घर मोडते. वृक्षारोपणाला गावठाण, शाळेचे आवार, रस्त्याच्या कडा मोकळ्या आहेत.

फ्रान्समध्ये सुंदर वृक्षोद्याने पुष्कळ आहेत. पण त्याच देशाच्या दक्षिणेस, आर्ल शहराजवळ, क्रो नावाचा गोट्यागोट्यांचा सपाट माळ आहे. २००१ साली त्याला राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथे माळढोकाच्याच कुळातील एक लहान पक्षी राहतो. हजारो वर्षे मेंढ्या चरत आल्या म्हणून तो माळ टिकला, हे ओळखून तेथे चराई आजही चालू ठेवली आहे. आपला धनगर मेंढपाळही माळाचा असाच जाणकार आहे. सहलीत त्याच्याशी अर्धा तास बोला; गवतांची नावे आणि त्यांचे उपयोग तो तोंडपाठ सांगेल.

शिक्षकांनी वनखात्याची परवानगी घ्यावी, सहल पक्ष्यांच्या विणीचा पावसाळी काळ टाळून न्यावी, गट लहान ठेवावेत. विद्यार्थ्यांनी वही, भिंग आणि पाण्याची बाटली घ्यावी. गाणी बसमध्येच संपवावीत. माळढोक दिसेलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. मात्र परत आल्यावर वहीत किती नोंदी झाल्या ते मोजा, आणि ‘पडीक’ हा शब्द त्या जमिनीला लागू पडतो का, ते तुम्हीच ठरवा.