बळ आणि विवेक

'रोगप्रतिकारशक्तिवर्धक' हे विशेषण आज आपल्या औषधालयांतील कितीतरी डब्यांवर झळकते. परंतु ही शक्ती नेमके काय करते, याचा विचार वैद्य व विक्रेता दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

विषाणुग्रस्त वा कर्करोगग्रस्त पेशीस मारणारी टी-पेशी प्रथम तिला ओळखते, तिला चिकटते आणि आपल्यातील विषारी कणिका त्या संपर्कबिंदूपाशीच रिकाम्या करते. त्यांतील परफोरिन लक्ष्यपेशीच्या पटलास छिद्रे पाडते. ग्रॅन्झाइम आत शिरून तिला आत्मनाशास प्रवृत्त करते. शेजारची निरोगी पेशी सहसा वाचते.

याच मारकशक्तीचा उपयोग करणाऱ्या, आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या 'नेक्सकार१९' या रक्तकर्करोगावरील उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. टाटा स्मारकाचे खारघर येथील संशोधन केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. अशा उपचारांत प्रतिकारक्रिया अनावर झाल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा ती औषधांनी आवरावी लागते. प्रत्यारोपित मूत्रपिंडावरही याच पेशी हल्ला करतात, म्हणून तेथे त्यांना दडपून ठेवावे लागते.

सारांश, व्याधिक्षमत्व म्हणजे केवळ बलवृद्धी नव्हे; त्यात विवेकही अंतर्भूत आहे. तो विवेक आपल्या गल्ल्यापाशीही हवा. नागोठण्याच्या दुकानात असा रुग्ण 'शक्तिवर्धक' चूर्ण मागू लागल्यास आधी त्याच्या चालू औषधांची विचारपूस करावी आणि त्याच्या तज्ज्ञ चिकित्सकाच्या संमतीवाचून पुडी बांधू नये. एक विक्री बुडेल, विश्वास टिकेल.