रिकाम्या घरांचा हिशेब

भाड्यासाठी घेतलेल्या घराचा परतावा गुंतवणूकदार टक्क्यांत मोजतो. तो हिशेब कष्टकऱ्यांच्या चळवळीनेही समजून घेतला पाहिजे. मुंबईत १ कोटी रुपयांची सदनिका दरमहा २५ हजारांनी दिली असे धरले, तर वर्षाचे भाडे ३ लाख होते. मालमत्ता कर, सोसायटीचे शुल्क, दुरुस्ती व भाडेकरूविना गेलेला एखादा महिना यांपोटी ७५ हजार वजा केल्यास उरतात सव्वादोन टक्के. बँकेची मुदतठेवही याहून अधिक देते. मग घर का घेतले जाते? कारण डोळा भाड्यावर नसून किंमतवाढीवर असतो. ती वाढ मालकाच्या श्रमाने होत नाही. मेट्रो, रस्ते, जलवाहिन्या जनतेच्या पैशाने होतात. लाभ मात्र मालकाच्या खाती जमा होतो. भाडे असे गौण ठरले की घराला कुलूपच सोयीचे वाटते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली; त्याने भाडेकरूला आधार दिला, पण चाळींची दुरुस्ती रखडली. तेव्हा केवळ भाडे गोठवून कुलपे उघडणार नाहीत. रिकाम्या घरांवर कर आणि अनर्जित मूल्यवाढीतील वाट्यातून सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे, हीच मागणी आता लावून धरली पाहिजे.