विश्लेषण : दोनशे लोकवस्तीचं बेट नॉर्वेत चर्चेत का?

उत्तर समुद्रात तरंगत्या पवनचक्क्यांचा १५०० मेगावॉटचा प्रकल्प उभारण्याची नॉर्वेची योजना आहे. त्याचं नाव ‘उत्सिरा नॉर्ड’. ज्या उत्सिरा बेटावरून हे नाव पडलं, तिथे राहतात जेमतेम २०० लोक. या प्रकल्पातून बेटाच्या पदरात काय पडणार, हा खरा प्रश्न आहे.

उत्सिरा कुठे आहे?

नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या हाउगेसुंड शहराच्या पश्चिमेला. क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस किलोमीटर. फेरीबोटीने पोहोचायला साधारण सव्वा तास लागतो. बेटाच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशी दोन बंदरं आहेत. वारा कुठून येतो ते पाहून बोट कुठे लावायची हे ठरतं. ब्रिटनच्या सागरी हवामान अंदाजात १९८४ पासून दोन विभाग याच बेटाच्या नावाने ओळखले जातात.

एवढ्या छोट्या बेटाचा वेगळा कारभार कसा?

नॉर्वेत गाव असो वा शहर, शाळा, प्राथमिक आरोग्य आणि वृद्धांची देखभाल ही कामं ‘कोम्यूने’ म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था पाहते. उत्सिरा १९२४ मध्ये टोर्वास्टाडपासून वेगळं झालं. लोकसंख्येने ते आज देशातलं सर्वांत छोटं कोम्यूने आहे. २०२० पर्यंत झालेल्या विलीनीकरणात कोम्यूनेंची संख्या ४२८ वरून ३५६ वर आली, पण उत्सिरा स्वतंत्रच राहिलं.

पहिली महिला महापौर इथलीच?

होय. १९२५ च्या निवडणुकीत इथे महिलांचं बहुमत आलं आणि सुईण असलेल्या ओसा हेल्गेसेन नॉर्वेच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

वाऱ्याशी नातं नवं आहे का?

नाही. २००४ मध्ये इथे दोन पवनचक्क्या आणि हायड्रोजनचा प्रयोग झाला. जादा विजेतून हायड्रोजन तयार करून साठवायचा आणि वारा पडला की त्यातून पुन्हा वीज बनवायची. दहा घरांना अशी वीज मिळाली. काही वर्षांनी प्रयोग थांबला.

पवनचक्क्या तरंगत्या का?

समुद्रतळावर पाया घालून उभारायच्या पवनचक्क्या साधारण ६० मीटर खोलीपर्यंतच परवडतात. इथे खोली २०० मीटरच्या पुढे आहे. म्हणून त्या तरंगत्या सांगाड्यावर उभ्या करून साखळ्यांनी तळाशी बांधाव्या लागतात. हे महाग पडतं. त्यामुळे सरकारने कमाल ३५ अब्ज क्रोनरचं अनुदान ठेवलं. तरीही सप्टेंबर २०२५ च्या मुदतीत दोनच अर्ज आले.

बेटाला काय मिळणार?

इथेच खरी मेख आहे. हा प्रकल्प किनाऱ्याच्या आधाररेषेबाहेर, म्हणजे कोम्यूनेच्या मालमत्ता कराच्या कक्षेपलीकडे आहे. जमिनीवरच्या पवनचक्क्यांवर जसा कर लावता येतो, तसा इथे लावता येत नाही. म्हणजे नाव उत्सिराचं, पण कराचा हक्क नाही. उरते ती देखभालीच्या कामाची आणि रोजगाराची आशा. ते काम बेटावर येईलच असं नाही. मोठं बंदर आणि कुशल मनुष्यबळ मुख्य भूमीवर आहे.

दोनशेच्या वस्तीत चार कुटुंबं आली तरी शाळेचा पट बदलतो आणि चार गेली तरीही. म्हणूनच देशासाठी हा मेगावॉटचा प्रश्न असला, तरी उत्सिरासाठी तो गाव टिकण्याचा आहे.