हरीण की कुरंग? प्रश्न नुसत्या नावाचा नाही

माथेरान : जंगलात खुरांचा, चपळ प्राणी दिसला की त्याला 'हरीण' म्हणून मोकळे होण्याची आपली सवय जुनी आहे. चितळही हरीण आणि काळवीटही हरीण. प्राणिशास्त्र मात्र या दोघांना वेगवेगळ्या कुळांत ठेवते.

चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे. नरांची शिंगे भरीव हाडाची असतात. ती ठरावीक काळाने गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा व चौसिंगा हे कुरंग, म्हणजे गाय-शेळीच्या कुळातले. त्यांच्या शिंगात हाडाचा गाभा आणि त्यावर नखासारखे कठीण आवरण असते. या शिंगांना फाटे फुटत नाहीत आणि ती आयुष्यभर टिकतात.

खरा घोटाळा होतो तो भेकर आणि चौसिंगा यांच्यात. दोघेही लहानखुरे, लाजाळू आणि बहुधा एकटे फिरणारे. शिवाय दोघांच्याही मादीला शिंगे नसतात. माथेरानच्या रानात परिचित असलेले भेकर तांबूस रंगाचे असते. त्याच्या कपाळावर काळसर रेषा असतात आणि ते कुत्र्यासारखे भुंकते. भारत व नेपाळखेरीज कोठेही न आढळणाऱ्या चौसिंगाच्या नराला चार शिंगे असतात. पण पुढची जोडी अनेकदा इतकी आखूड असते की लांबून दिसतच नाही. अशा वेळी पुढच्या पायांवरील गडद पट्टा पाहावा. पिसोरी तर या दोन्ही गटांत बसत नाही; तिचे कुळच निराळे.

या फरकाला कायदेशीर बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत चौसिंगा पहिल्या अनुसूचीत, तर भेकर तिसऱ्या अनुसूचीत होते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. साहजिकच पंचनाम्यात नुसते 'हरीण' लिहून भागत नाही. जप्त केलेले शिंग भरीव आहे की पोकळ आवरणाचे, यावरून तपासाची दिशा ठरू शकते.

माथेरान परिसर केंद्र सरकारने २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. असे क्षेत्र राखायचे तर तेथे कोण राहते, याची अचूक नोंद हवी. भेकर अजूनही बऱ्याच जंगलांत टिकून आहे. चौसिंगा मात्र जागतिक पातळीवर असुरक्षित गणला जातो. दोघांना एकाच नावाखाली मोजले, तर दुर्मीळ प्राणी नाहीसा झाल्याचे कागदावर दिसणारही नाही. पर्यटकांनी छायाचित्र घेताना कपाळ आणि पुढचे पाय टिपले, तरी ओळख पटवणे बरेच सोपे होईल.