डोकं कमी पडत नाही, समजावणं कमी पडतं

उर्दू माध्यमातून दहावी झालेली आमची मुलं-मुली सातारा-सांगलीत डिप्लोमाला जातात आणि पुष्कळजण 'सी' भाषेपाशी अडतात. लोक म्हणतात, पोरांचं डोकं चालत नाही. दोन भाषा शिकवणारा शिक्षक म्हणून मला हे मान्य नाही. मुलं अडतात ती इंग्रजीतल्या समजावण्यापाशी.

एक उदाहरण घ्या. प्रोग्रॅमचं उत्तर पडद्यावर दिसावं आणि फाइलमध्येही त्याची नोंद राहावी, ही नेहमीची गरज. पडद्यासाठी 'प्रिंटएफ', फाइलसाठी 'एफप्रिंटएफ'. प्रत्येक ओळ दोनदा लिहायला नको म्हणून दोन्ही एका मॅक्रोत बांधतात. हवी तितकी आर्ग्युमेंट घेणारा मॅक्रो १९९९ च्या सी मानकापासून लिहिता येतो.

पण मॅक्रो म्हणजे नक्कल करणारा कारकून. अर्थ न बघता मजकूर डकवतो. त्याला 'आय प्लस प्लस' दिलं, तर ते दोन्ही जागी डकवलं जातं आणि दोनदा चालतं. आय ५ असेल तर पडद्यावर ५, फाइलमध्ये ६! फंक्शन लिहिलं तर किंमत एकदाच काढली जाते आणि तीच दोन्हीकडे पोहोचते.

आता सांगा, हे कळायला इंग्रजी कुठे लागलं?

नोकरी इंग्रजीतच मिळते, असं पालक म्हणतात. बरोबर आहे. म्हणून मॅक्रो, फंक्शन, फाइल हे शब्द तसेच ठेवा. त्यांना अवघड प्रतिशब्द नकोत. कारण मात्र मुलाच्या भाषेत सांगा. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने २०२१-२२ पासून डिप्लोमाला मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिला आहे. आमच्या मुलांना मराठी परकी नाही. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. शिवाय २०२० च्या कायद्याने मराठी सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची आहे. तरीही हा पर्याय 'आपल्यासाठी नाही' असं आपणच समजून बसतो.

इंग्रजी वाक्यावर मराठी वाक्य डकवणं म्हणजे पुन्हा मॅक्रोच. शिक्षकाने आधी स्वतः अर्थ लावावा, मग तो दोन भाषांत पोहोचवावा.

समाजातले इंजिनिअर झालेले तरुण सुट्टीत गावी येतात. त्यांनी मोहल्ल्यातल्या मुलांना दोन तास द्यावेत. जागा आणि फळा आम्ही शिक्षक बघू.